अधांतरी डबी

गोधडी हाताने शिवतात तेव्हा त्यात गूढ काही नसतं. सुई वरून खाली जाते, खालून वर येते, आणि तिच्यामागून अख्खा दोरा शेवटच्या टोकापर्यंत प्रत्येक भोकातून ओढला जातो. धावदोरा म्हणतात तो हाच. शिरूर तालुक्यात भीमेच्या काठावर वडगाव रासाई आहे, नदीपलीकडे दौंड तालुका. या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या घरातली गोधडी उन्हात पसरलेली दिसली तर जवळ जाऊन पाहा. कडेपासून निघालेले टाके चौकटीच्या आत चौकट धरत मधोमध पोचलेले दिसतील. पोटात विरलेली लुगडी आणि धोतरं, वर त्यातल्या त्यात धड असलेलं पातळ. ऊसतोडीच्या हंगामात याच पट्ट्यात बैलगाड्यांवरून आणि ट्रॅक्टरांवरून दुसऱ्या जिल्ह्यांतल्या गोधड्या येतात, तोडकऱ्यांच्या कोपीत अंथरल्या जातात आणि हंगाम संपला की परत जातात. सगळ्यांची घडण एकच: एक सुई, एक दोरा, दोन्ही बाजूंना सारखाच दिसणारा टाका.

आता हीच गोधडी यंत्राखाली घाला आणि जरा थांबून विचार करा. यंत्राच्या टाक्याला दोन दोरे लागतात. वरचा येतो कोनावरून, खालचा बॉबिनवरून, आणि दोघे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. पण दोन दोरे एकमेकांत अडकवायचे तर निदान एकाचं टोक मोकळं हवं. इथे वरच्याचं टोक कोनाच्या तळाशी, तीनेक हजार मीटर वेटोळ्यांच्या खाली. खालच्याचं टोक बॉबिनच्या गाभ्यात. वरून आलेली सुई कापडातून आरपारही जात नाही. तिचा डोळा टोकाशीच असतो. तो कापडाखाली जेमतेम डोकावतो आणि सुई आल्या वाटेने परत फिरते. मग दोरे अडकतात कसे?

उत्तर पहिल्यांदा ऐकलं की खोटं वाटतं. टोक मोकळं नाही म्हणून अख्खं बॉबिनच दोऱ्यातून पलीकडे जातं.

सुई वर निघाली की तिच्या डोळ्यापाशी वरच्या दोऱ्याचा एक इवलासा लूप तयार होतो. कापडाखाली फिरणाऱ्या शटलचं अणकुचीदार टोक नेमकं त्या क्षणी तिथे पोचतं, लूप उचलतं आणि ओढून मोठा करत जातं. इतका मोठा, की बॉबिन आणि बॉबिनची डबी त्यातून सबंध पार होते. लूपची एक बाजू डबीच्या पुढून सरकते, दुसरी मागून. मग वरची दोरा ओढणारी दांडी तो सगळा पसारा वर खेचून घेते आणि खालचा दोरा त्यात अडकलेला राहतो. एक टाका झाला.

यातली सर्वांत अचाट गोष्ट यंत्र उघडूनही चटकन ध्यानात येत नाही. लूप डबीच्या सगळ्या बाजूंनी फिरायचा असेल, तर डबी कशालाच जोडलेली असून चालणार नाही. एखादा स्क्रू किंवा दांडा असता, तर दोरा त्यालाच अडकून बसला असता. म्हणून डबी आणि ती जिच्यात बसते ती टोपली, दोन्ही फिरत्या शटलच्या पोटात नुसत्या ठेवलेल्या असतात, अधांतरी. शटल भोवती गरागरा फिरत असताना टोपलीने त्याच्याबरोबर फिरू नये म्हणून एक छोटी लोखंडी पट्टी तिच्या खाचेत बोट घालून तिला रोखून धरते. तीही तिला पकडत नाही. त्या बोटात आणि खाचेत दोऱ्याला निसटता येईल एवढी फट ठेवलेली असते आणि प्रत्येक टाक्याला दोरा त्या फटीतून सुळकन पार होतो. फट अपुरी पडली तर दोरा तिथे क्षणभर आवळला जातो आणि यंत्र चालवणारा वरच्या दोऱ्याच्या टेन्शनचा, म्हणजे ताणाचा, स्क्रू सैल करत बसतो. दुखणं असतं दुसरीकडेच.

वेगाचा हिशेब करून बघा. मोठं क्विल्टिंग मशीन मिनिटाला १५०० टाके सहज घालतं. म्हणजे सेकंदाला २५, एका टाक्याला एका सेकंदाचा पंचविसावा भाग. तेवढ्यात शटल एकदा नव्हे, दोनदा फिरतं. पहिल्या फेरीत लूप पकडून डबीभोवती नेतं. दुसरी फेरी मोकळी, तेवढ्यात वरची दांडी टाका आवळते. एका टाक्याच्या शिलाईत पाच-सात मिलिमीटर दोरा मुरतो, पण डबीला वळसा घालायला त्याच्या दहा-बारापट दोरा खाली न्यावा लागतो. उरलेला सगळा परत वर येतो आणि पुढच्या टाक्याला पुन्हा खाली जातो. म्हणून गोधडीत कायमचा विसावण्याआधी दोऱ्याचा प्रत्येक तुकडा सुईच्या डोळ्यातून वीसेक वेळा तरी घासून वर-खाली झालेला असतो. सुईच्या डोळ्याला नखालाही न जाणवणारी कड आली तर चांगला दोरा पिंजून तुटतो, तो यामुळे. दोषी मात्र दोरा ठरतो. आधी सुई बदलून बघावी.

सुईचा डोळा टोकाशी आणायचा, ही कल्पना सुचायलाच माणसाला फार दिवस लागले. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३०च्या दशकात अशी सुई वापरून यंत्र केलं, पण पेटंट घेतलं नाही. ते घेतलं इलायस हाउ याने, १० सप्टेंबर १८४६ रोजी. पुढे १२ ऑगस्ट १८५१ या एकाच दिवशी दोन पेटंटं निघाली: एक आयझॅक सिंगरच्या यंत्राचं, दुसरं ॲलन विल्सनच्या फिरत्या शटलचं. नाव राहिलं सिंगरचं. आजच्या क्विल्टिंग मशीनच्या पोटात मात्र गरगरतं ते विल्सनच्या कल्पनेचं वंशज. सिंगरची विक्री आपल्याकडे १८७५च्या सुमारास सुरू झाली; मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल तिचे मुख्य एजंट. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते प्रेमापोटी केलं, अशी त्यांची समजूत. खऱ्या सिंगरने एकाच वेळी अनेक संसार थाटले होते, हे कुणी त्यांच्या कानावर घातलं नसावं. १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' आणली आणि शिवणयंत्र गावोगाव पोचलं.

पण घरच्या यंत्रावर गोधडी शिवायला बसलेल्याला पहिली अडचण येते ती जागेची. सुई आणि यंत्राचा खांब यांच्यात वीतभरच अंतर. एवढी मोठी गोधडी गुंडाळून त्या बोगद्यातून सरकवायची म्हणजे खांद्यांची वाट. लाँगआर्म क्विल्टिंग मशीनने ही अडचण उलट्या बाजूने सोडवली. हात लांब केला, सव्वा-दीड फुटांपासून अडीच फुटांपर्यंत. गोधडी दहा-बारा फुटी चौकटीवर रुळांत ताणून बसवली. आणि कापडाला हलवायचं सोडून यंत्रच रुळांवर चाकं लावून पुढे-मागे, डावी-उजवीकडे फिरतं केलं. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून हा धंदा वाढला. आपल्याकडे गाद्या-रजया शिवणाऱ्या कारखान्यांत बऱ्याचदा याची उलटी रचना असते: डोकं स्थिर आणि चौकट फिरती. शटलला त्याचं काही नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

या लांब हाताने अभियंत्यांपुढे एक विलक्षण कोडं टाकलं. सुई वरच्या हातात, शटल खालच्या हातात, आणि दोघांचा सांधा पार मागे, दोन फुटांवर. अंगठा आणि तर्जनी लांबवून चिमटीत केस धरण्यातला हा प्रकार, फक्त बोटं दोन-दोन फुटांची. पुन्हा ही चिमूट सेकंदाला २५ वेळा मिटायची, तीही अख्खं यंत्र रुळांवरून धावत असताना. सुई आणि शटलचं टोक यांच्यात अंतर किती असावं? साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. साध्या छपाईच्या कागदाची जाडी असते त्याच्या आत. अंतर वाढलं की टोक लूपच्या बाजूने निघून जातं आणि टाका सुटतो. कमी झालं की टोक सुईला घासतं, दोघांना ओरखडे पडतात आणि पुढचे आठ दिवस दोरा तुटत राहतो.

लूप मुळात तयार का होतो, हे कळलं की निम्मी दुखणी आपोआप उलगडतात. सुई बोटांत धरून उजेडात फिरवून बघा. एका बाजूला वरपासून डोळ्यापर्यंत लांब पन्हळ दिसेल. दुसऱ्या बाजूला डोळ्याच्या वर कोरून काढलेला छोटा सपाट खळगा. सुई कापडात शिरते तेव्हा पन्हळीतला दोरा आत दडून राहतो, त्याला कापडाचा स्पर्श होत नाही. खळग्याच्या बाजूचा दोरा मात्र कापडाला घासतो. सुई तळ गाठून परत दोनेक मिलिमीटर वर आली की पन्हळीतला दोरा तिच्याबरोबर गुपचूप वर जातो. खळग्याकडच्याला कापड धरून ठेवतं. तो वर जाऊ शकत नाही, म्हणून बाजूला फुगतो. हाच तो लूप. म्हणजे लूप यंत्र करत नाही. कापडाच्या घर्षणातून तो आपोआप होतो, यंत्र फक्त वेळेवर हजर राहतं. १५०० टाक्यांच्या वेगाला मुख्य दांड्याची एक अंशाची चूक म्हणजे सेकंदाचा नऊ हजारावा भाग, आणि हजर राहायचं ते असल्या काही मोजक्या अंशांच्या आत.

सुई उलटी बसली तर टाका पडतच नाही, हे यावरून कळेल: खळगा शटलकडे नसला तर लूप भलत्याच बाजूला फुगतो. गोधडी चौकटीवर ढोलासारखी ताणली की टाके का सुटतात, हेही. फार ताणलेलं कापड सुईबरोबरच वर उचललं जातं, दोऱ्याला घासून धरत नाही, मग लूप फुगणार कसा? म्हणून चौकटीवरची गोधडी थोडी सैल हवी. खालून बोटाने ढकलली तर पेरभर वर यावी. पायाचंही तसंच. क्विल्टिंग मशीनचा पाय सुईबरोबर उड्या मारतो आणि सुई खाली असताना कापडाला धरतो. तो उंच लावलेला असेल तर कापड वर उचलायला मोकळं. हौसेने ताणून बसवलेली गोधडी आणि उंच पाय ही जोडी जमली की माणूस आठवडाभर शटलवर संशय घेत बसतो.

इथे लाँगआर्मचं खास दुखणं येतं. घरच्या यंत्रात सुई कापडाबाहेर असतानाच खालचे दाते कापड पुढे सरकवतात. सुई आत आहे तोवर सगळं स्तब्ध. लाँगआर्मला ही सवलत नाही. त्याचं डोकं सतत चाललेलं असतं आणि जवळजवळ निम्मा वेळ सुई कापडात रुतलेली असते. अडीच मिलिमीटरच्या टाक्यात एवढ्या वेळात डोकं मिलिमीटरभर पुढे गेलेलं असतं आणि सुई कापडाने मागे धरलेली. बिचारी वाकते. डोकं एका दिशेने जात असेल तर वाकून शटलकडे येते, दुसऱ्या दिशेने जात असेल तर शटलपासून दूर होते. फट होती मिलिमीटरच्या दहाव्या भागाची. वाकणं त्याहून सहज जास्त.

त्यामुळे टाका सुटतो तेव्हा 'किती सुटतो' यापेक्षा 'कुठे जाताना सुटतो' हा प्रश्न मोलाचा. डावीकडे जाताना ठीक, उजवीकडे जाताना सुटतो, असं असेल तर सुई वाकते आहे किंवा फट जरा जास्त आहे. सगळ्या दिशांना सुटत असेल तर दुखणं दुसरं. एक मोठं वर्तुळ शिवून बघावं. कुठल्या पाव भागात टाके बिघडले ते तिथे उघड दिसतं. मला ही चाचणी फार आवडते. एक पैसा लागत नाही, पाना हातात घ्यावा लागत नाही, आणि यंत्र आपण होऊन सांगतं कुठे दुखतंय ते.

वाकणाऱ्या सुईवर उपाय म्हणजे जाड सुई. सुईच्या पाकिटावर दोन आकडे असतात: १६ आणि १००, किंवा १८ आणि ११०. दुसरा आकडा म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. १०० म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. १६ वरून १८ वर गेलो तर जाडी दहा टक्केच वाढते. पण गोल काडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे सुई जवळजवळ दीडपट ताठ होते. दहा टक्क्यांत दीडपट! ओल्या उसाच्या पानासारखा लवणारा धातू एका नंबरात शहाणा होतो. किंमत एवढीच की भोक जरा मोठं पडतं आणि सुईचं अंग शटलच्या टोकाकडे किंचित सरकतं. शटल आधीच घट्ट लावलेलं असेल तर फट पुन्हा बघावी लागते.

टेन्शनच्या स्क्रूइतका छळ यंत्राच्या दुसऱ्या कुठल्याच भागाचा होत नाही. टाका बिघडला की हात आधी तिकडे जातो. खरं तर स्क्रूला हात लावण्याआधी गोधडी उलटून बघायला हवी. वरच्या अंगाला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील तर वरचा दोरा फार ओढतोय, किंवा खालचा फार सैल आहे. खालच्या अंगाला जाळं झालं असेल तर दोष वरच्या दोऱ्याचा. नवशिक्या इथे हटकून फसतो. घाण खाली, म्हणून तो बॉबिन काढतो, डबी साफ करतो, उलटी-पालटी बसवतो. पण खाली जाळं करणारा दोरा वरून आलेला असतो. डबीभोवती खाली नेलेला दोरा वर परत खेचलाच गेला नाही तर तो जाणार कुठे? बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसतो, नुसता वरून गेलेला असतो. दोरा सगळा काढून पहिल्यापासून ओवला की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

खालच्या दोऱ्याची परीक्षा जुनीच आहे. दोऱ्याचं टोक धरून डबी हवेत लोंबकळवायची आणि हात हलकेच झटकायचा. सर्रकन खाली गेली तर सैल. जागची हललीच नाही तर घट्ट. झटक्यागणिक थोडी थोडी उतरली की बरोबर. मोजायचंच असेल तर छोटे काटे मिळतात. बऱ्याच लाँगआर्मना खालच्या दोऱ्याला वीस ग्रॅमच्या आसपासचा ताण मानवतो. डबीवरच्या त्या पातळ स्प्रिंगखाली दोऱ्याचा केसाएवढा तुसा अडकला तरी सगळं गणित कोसळतं. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा स्प्रिंगखालून फिरवला की तो निघतो. सुईने कोरू नये, ओरखडा राहतो. डबीच्या तळाशी आणखी एक चपटी स्प्रिंग असते, ती बॉबिनला लगाम घालते. यंत्र एकदम थांबलं की बॉबिन वेगात फिरतच राहतं आणि आत दोऱ्याचा गुंता करून ठेवतं. पुन्हा सुरू करताना पहिल्या चार टाक्यांतच झुबका होत असेल तर आधी हीच स्प्रिंग बघायची.

आपल्या गोधडीची गोष्ट यापुढे अमेरिकन क्विल्टपेक्षा वेगळी होते. तिकडच्या क्विल्टमध्ये थर तीन आणि तिन्ही नवे: वरचं कापड, मधला कापूस, खालचं अस्तर. आपल्याकडे पाच-सहा थर जुन्याचे, आणि त्यातले कुठले दोन सारखे नसतात. धुऊन विरलेलं सुती लुगडं, त्याखाली पॉलिस्टरची साडी, मध्ये धोतर, एका कोपऱ्यात जरीचा काठ दुमडून दुहेरी झालेला, कुठे पोलक्याची शिवण. सुईला प्रत्येक इंचाला नवं जग भेटतं. गुळगुळीत पॉलिस्टर दोऱ्याला धरत नाही, तिथे लूप दुबळा होतो. दुमडलेल्या काठावर सुई वाकते. शिवणीवर आपटली तर शटल दांड्यावरून कणभर सरकूही शकतं. म्हणून आतले काठ आणि शिवणी आधीच कापून काढाव्यात. त्या काढायला लागणारा तास पुढे यंत्र उघडण्याच्या तासांपेक्षा स्वस्त पडतो. हाताने शिवणारी बाई जाड जागी आल्यावर आपसूक सुई तिरकी करते, दोन टाके घेण्याऐवजी एक घेते. यंत्राला ते कळत नाही.

जुन्या सुताचं दुसरं देणं म्हणजे तूस. विरलेलं लुगडं भराभर तंतू सोडतं. ते सुईच्या भोकातून खाली पडतात, शटलच्या कंगोऱ्यात तेलाला चिकटतात आणि दाबून दाबून त्यांचा चक्क नमदा होतो. अधांतरी बसलेल्या टोपलीला हीच माया जड जाते. बॉबिन बदलताना दर वेळी छोट्या ब्रशने शटल झाडायचं, बाहेरच्या दिशेने. तोंडाने किंवा डब्यातल्या हवेने फुंकू नये. तूस निघत नाही, आत जातं.

आणि मग शटलच्या कंगोऱ्यात तेल, एक थेंब. एकच. दोन थेंब घातले तर दुसरा गोधडीवर उतरतो. डोक्यात बाकी कुठे तेल घालायचं ते यंत्राची पुस्तिका सांगते. काही यंत्रांचे बेअरिंग बंद असतात, त्यांना बाहेरून काही घालायचंच नसतं. तेल कुठलं, हा प्रश्न गावाकडे खरोखर येतो, कारण फडताळात खोबरेल असतं. खोबरेल यंत्राला विष आहे. ते २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजायला लागतं, आणि शिरूर-दौंडकडे पौष-माघातल्या पहाटे पारा त्याच्या निम्म्यावर उतरतो. सकाळी यंत्र सुरू करायला जावं तर चाक हाताने फिरत नाही. उन्हाळ्यात थिजत नाही खरं, पण वनस्पतीचं कुठलंही तेल हवेशी संयोग पावून हळूहळू चिकट होतं, आणि तूस त्यावर पक्कं बसतं. शिवणयंत्राचं पांढरं पातळ खनिज तेल यासाठीच वेगळं असतं. चुकून खोबरेल गेलंच असेल तर थोडं रॉकेल घालून हाताने चाक फिरवत धुवायचं, पुसायचं आणि मग खरं तेल द्यायचं.

एवढं सगळं करूनही टाका सुटतोच आहे, नवी सुई आहे, ती नीट बसली आहे, दोरा नीट ओवला आहे, तर आणि तरच टायमिंगकडे, म्हणजे सुई आणि शटल यांच्या वेळेच्या मेळाकडे, वळावं. मेकॅनिक लोक ज्याला 'टायमिंग हललं' म्हणतात ते बहुधा सुई मोडल्यावर किंवा शिवणीवर जोरात आपटल्यावर होतं. शटल आपल्या दांड्यावर दोन-तीन बारीक स्क्रूंनी घट्ट केलेलं असतं. धक्क्याने ते कणभर फिरतं, आणि कणभर पुरतं.

वीज बंद करून सुईची पट्टी काढा, आत बॅटरीचा उजेड सोडा आणि चाक हाताने फिरवा. यंत्राच्या पोटातलं एवढं सुंदर नाट्य एरवी दिसत नाही. सुई खाली येते, तळ गाठते, क्षणभर थबकते. वर निघते. सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर चढली की शटलचं टोक एका बाजूने येऊन तिच्या खळग्यामागून, डोळ्याच्या किंचित वरून, तिला स्पर्श न करता सरकलं पाहिजे. लवकर आलं तर लूप अजून फुगलेला नसतो. उशिरा आलं तर लूप मोठा होऊन कलंडलेला असतो, कधी टोक दोऱ्याच्या मधूनच शिरतं आणि पीळ फाडतं. नेमका आकडा त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत असतो, आणि तिथे अंदाज चालत नाही. सुई त्या उंचीवर थांबवून शटलचे स्क्रू सैल करायचे, टोक सुईमागे आणायचं, फट बघायची, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. आवळताना शटल पुन्हा हलतं. पुन्हा तपासायचं. सुई मोडली असेल तर शटलच्या टोकावरून नखाने हलकेच जाऊन बघा. कड लागली तर अगदी बारीक पॉलिश पेपरने, टोक बोथट न करता, गुळगुळीत करायची. ते जमत नसेल तर शटल नवं घ्यावं; बोथट टोक घासून पुन्हा अणकुचीदार होत नाही, ते नुसतं आखूड होतं. आणि आखूड टोक म्हणजे कायमचं उशिरा पोचणारं टोक.

एवढ्या सगळ्या लोखंडात विजेचा भाग थोडा, पण गमतीचा. चांगल्या लाँगआर्मला टाका सारख्या लांबीचा ठेवणारी यंत्रणा असते. डोक्याच्या चाकांना दोन मोजणारे लागलेले असतात, एक आडव्या चालीचा, एक उभ्या चालीचा. दोघांची मापं जुळवून यंत्र ठरवतं की डोकं किती सरकलं, आणि त्या मापाने सुईला वेग देतं. हात भरभर गेला तर सुई भरभर, हात रेंगाळला तर सुई रेंगाळते. त्यातल्या एका मोजणाऱ्याचं चाक रुळावरून घसरू लागलं तर यंत्राला वाटतं आपण त्या दिशेला फारसे हललोच नाही, आणि टाके भलतेच लांब पडतात. फक्त आडवं जाताना लांब टाके, उभं जाताना बरोबर? मग आडव्या चालीचं चाक. टेन्शन नाही, सुई नाही, शटल नाही. विजेचा दाब खाली-वर होणाऱ्या ठिकाणी स्टॅबिलायझर आणि खरंखुरं अर्थिंग हवंच. थंडीत कोरड्या हवेत पॉलिस्टरच्या साड्या घासून ठिणग्या सोडतात, आणि त्या मोजणाऱ्यांना मानवत नाहीत.

चौकटही समपातळीत लागते. हात सोडल्यावर डोकं आपोआप एका बाजूला घरंगळत असेल तर शिवणारा दिवसभर नकळत त्याला विरुद्ध बाजूला ओढत राहतो, संध्याकाळी खांदा धरतो आणि सरळ रेषाही वाकडी येते. पाण्याची लेव्हल रुळांवर ठेवून पाय वर-खाली करायचे, झालं. तूस इथेही येतं. रुळावर किंवा चाकावर त्याची एक गोळी बसली की डोकं तिच्यावरून उडी मारतं आणि शिवणीत एक बारीक झटका उमटतो. नेमक्या त्याच जागी येणारा झटका असेल तर गोळी रुळावर आहे. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर ती चाकावर आहे, आणि दोन झटक्यांमधलं अंतर म्हणजे त्या चाकाचा परीघ. चाक अडीच सेंटिमीटर व्यासाचं असेल तर झटके पावणेआठ सेंटिमीटरहून किंचित जास्त अंतरावर पडतील. पट्टी लावून मोजा, मग यंत्राखाली वाकून त्याच मापाचं चाक शोधा. त्याच्यावर दाबून बसलेला लुगड्याचा धागा चिमट्याने निघतो.